तिसरं शिफारसपत्र

सेवा मोटर वायंडिंग, आर्णी
११ नोव्हेंबर २०२४

उज्ज्वला,

मामाचा आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नको, सगळे धडधाकट आहेत.

फोन सोडून पत्र कायले, ते आधी सांगतो. तुझ्या आईचा फोन कायम स्पीकरवर. माझ्या दुकानातलाही स्पीकरवर, कारण माझे हात ग्रीसचे. तू हैदराबादेहून 'हॅलो' म्हटलं की तांड्यातले अकरा जण 'हॅलो' म्हणतात. मला जे विचारायचं आहे ते अकरा जणांत विचारता येत नाही.

मागच्या रविवारी दिग्रसकडून पाहुणे आले होते, तुझ्यासाठी. तू घरी नव्हतीस तरी आले. पोरगी नसली की बोलणं मोकळं होते म्हणे. मुलाचा बाप रिटायर ग्रामसेवक. त्यानं बसल्याबसल्या चौकशी लावली.

"पोरगी डॉक्टर हाय म्हणता, मंग दवाखाना कोठी टाकनार?"

"दवाखाना नाई जी," तुझी आई सुखी म्हणाली. "संशोधन करून राह्यली. कॅन्सरवर."

"कायच्या कॅन्सरवर?"

सुखीनं माझ्याकडे पाहिलं. मी छपराच्या टिनाकडे पाहिलं.

"पोटाच्या."

"पोटात कोठी?"

"खाली," सुखी म्हणाली, आणि चहा आणायला उठली. चहा समोरच होता.

त्यांच्यासोबत एक शिकलेला जावई होता. तो म्हणाला, "प्रोस्टेट का?" पुढचं मी डोळ्यांनी नाही, कानांनी पाहिलं. चार पुरुषांनी एकाच वेळी पाय जुळवले. चार प्लास्टिकच्या खुर्च्या एकदम करकरल्या. चहा अर्धा टाकून मंडळी उठली. जाताना ग्रामसेवक मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगी लाखात एक हाय, देवसिंगभाऊ. पन आमच्या घरचे मानसं लाजाळू हायेत."

तर तू नेमकं करतेस तरी काय, ते मला लिहून कळव. मी सातवी शिकलो. राजूरला खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर हेल्पर होतो, तिथून हे दुकान उभं केलं. पेचकसाचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावली की आत काय बिघडलं ते मला ऐकू येते. तू सांगशील ते समजेल.

दुसरी गोष्ट बबनरावची. आपल्या शेजारचं बियाण्याचं दुकान, नलूचा नवरा. त्याला अलीकडे त्रास आहे. मोटर सुरू केली तरी पाणी यायला वेळ लागते. आलं तर धार बारीक. मध्येच तुटते. बंद केल्यावर थेंब थेंब चालूच. आणि टाकी रिकामी झाल्यासारखं वाटतच नाही. यवतमाळला जायचं तर बिचारा आधी कंडक्टरशी ओळख काढतो, गाडी थांबवावी लागली तर म्हणून. लाजतो. मला म्हणाला, भाचीला विचार. त्याचं नाव मात्र कुठे घेऊ नको.

तुझा,
देवसिंगमामा

*

हैदराबाद
२० नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार. चार खुर्च्यांचा किस्सा मी प्रयोगशाळेत इंग्रजीत करून सांगितला. आमच्याकडच्या तीन खुर्च्या करकरल्या. तेव्हा दिग्रसच्या लोकांना दोष देऊ नका.

तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते. आजवर घरात कोणी विचारलंच नव्हतं.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. फक्त पुरुषांत असते, मूत्राशयाच्या तोंडाशी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. पाइपाभोवती कॉलर बसवलेली असावी तशी. वय झालं की कॉलर फुगते आणि पाइप आवळते. बहुतेकांचं एवढंच असतं. काहींचा मात्र कॅन्सर निघतो, आणि तो सुरुवातीला बिलकुल आवाज करत नाही.

आता माझं काम. आईच्या पोटात बाळाची ही ग्रंथी तयार होते, तेव्हा ती स्वतःच्या मनानं वाढत नाही. आजूबाजूच्या पेशी तिला सांगतात, वाढ, फांदी काढ, आता थांब. मोठेपणी ही हाकाटी बंद होते. पण म्हातारपणी काही पेशींना तेच लहानपणचे आवाज पुन्हा ऐकू यायला लागतात. 'वाढ' ऐकू येतं, 'थांब' ऐकू येत नाही. तो आवाज कोण देतं, ते मी शोधते. अर्धं काम कॅन्सरचं आणि अर्धं, शरीर मुळात कसं घडतं याचं.

पीएचडी जूनमध्ये संपली. आता पोस्टडॉक शोधते आहे. पोस्टडॉक म्हणजे शिकणं संपलंय आणि नोकरी लागली नाही, या दोन गावांमधला एसटी स्टँड. काही लोक तिथेच म्हातारे होतात. रोज जाहिराती वाचते. 'उमेदवार स्वयंप्रेरित असावा' म्हणजे शिकवायला कोणी नसेल. 'उत्साही वातावरण' म्हणजे रविवार नाही. 'एक वर्षासाठी, कामगिरी पाहून मुदतवाढ' म्हणजे अकराव्या महिन्यात हीच जाहिरात पुन्हा वाचायची. काल एक होती, प्रोस्टेट आणि गर्भविकास दोन्हींचा मिळून दहा वर्षांचा अनुभव, वय तिशीच्या आत. असा उमेदवार पाळण्यातून सूक्ष्मदर्शकात बघत असला पाहिजे. माझी इथली मुदत मार्चअखेर संपते.

बबनकाकांचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. यवतमाळला रक्त द्यायचं, पीएसए म्हणायचं, एवढंच. आणि डॉक्टरला दाखवायचं. त्यांच्या वडिलांना असं काही होतं का तेही विचारा. बापाला असेल तर मुलानं जास्त जपायचं असतं.

तुमची,
उज्ज्वला

*

आर्णी
२ डिसेंबर २०२४

उज्ज्वला,

पत्र तीनदा वाचलं. सगळं समजलं. याला आपल्याकडे म्हातारचळ म्हणतात. साठीला आलेला माणूस मिशा काळ्या करून पोरांत फिरायला लागते, घरचे 'थांबा' म्हणतात ते त्याला ऐकू येत नाही, टपरीवरचे 'चाला' म्हणतात ते बरोबर ऐकू येते. तुझ्या पेशीचंही तसंच. तांड्यात पोरगं बिघडलं तर आपण पोराला बदडतो. तुझं शास्त्र म्हणते, आधी शेजारी कोण आहेत ते पाहा. हे मला पटलं. दोन दिवस दुकानात येईल त्याला हेच सांगितलं, गाठीचं नाव न घेता.

त्या जाहिरातींचं मनाला लावून घेऊ नको. इथंही तेच आहे. मागच्या महिन्यात चौकात कागद लागला होता, 'अनुभवी ड्रायव्हर पाहिजे, स्वतःचा ट्रॅक्टर असल्यास प्राधान्य.'

बबनरावला विचारलं. तो म्हणतो बाप कंबरेच्या दुखण्यानं गेला. शेवटचं वर्षभर खाटेवर होता, हाड न् हाड दुखे. बाकी काही माहीत नाही. आता बबनरावचं पुष्कळ बरं आहे. गोखरूचा काढा घेते. रक्तबिक्त तपासायला तो तयार नाही. म्हणते, तपासलं की निघते. न तपासलेल्या मोटरीत बिघाड नसते. गिऱ्हाईकं मला तीस वर्षांपासून हेच सांगतात आणि मग मोटर जळल्यावर घेऊन येतात. पण माणसाला कोण समजावणार?

हा विषय आता सोड. नलूला तर बिलकुल लिहू नको.

तुझा,
देवसिंगमामा

*

हैदराबाद
९ डिसेंबर २०२४

मामा,

तुम्ही नको म्हणालात तरी तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी नलूकाकूंना पत्र टाकलं. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला राहवेना. त्यात बबनकाकांच्या वडिलांचं ते हाडांचं दुखणं! मामा, हा कॅन्सर पसरतो तो बहुतेकदा हाडांतच. आता तर काकांना नेलंच पाहिजे. तुमचं नाव घेतलं नाही, 'विश्वसनीय सूत्रांकडून' असं लिहिलं.

माझी एक आशेची जागा आहे. डेन्मार्कमध्ये हॉल्स्ट म्हणून बाई आहेत, प्रोस्टेट आणि गर्भविकास या दोन्हींवर काम करणारी त्यांची प्रयोगशाळा. माझ्याच प्रश्नावर दोन वर्षांचं पोस्टडॉक. अर्ज केला. तीन शिफारसपत्रं लागतात. माझं काम जवळून ओळखणाऱ्या माणसानं लिहायची, गोपनीय, मला दाखवायचीही नाहीत. दोन मिळाली. तिसरं माझ्या गाइडसरांचं. ते म्हणाले, "तूच लिही, मी सही करतो. माझ्या मार्गदर्शनाचा उल्लेख ठळक असू दे." मी स्वतःची स्तुती सहा वेळा लिहिली. दर वेळी त्यांनी फक्त स्वतःचं पद दुरुस्त केलं. आता ते परिषदेला गेलेत आणि सही राहिली. मुदत ३१ डिसेंबर.

जाहिरातीची प्रत सोबत ठेवते. आईला दाखवा, डेन्मार्कचा फोटो आहे.

उज्ज्वला

*

आर्णी
२४ डिसेंबर २०२४

उज्ज्वला,

तुझ्या विश्वसनीय सूत्रानं इथं काय झालं ते ऐक.

नलूनं तुझं पत्र वाचलं, पोथीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावला म्हणाली, "चाला, यवतमाळले लगन हाय." बबनराव नवा शर्ट घालून निघाला. लग्नाऐवजी रक्त काढलं. तिथून डॉक्टरकडे. डॉक्टरनं हातमोजा चढवला तेव्हा बबनरावला कळलं की हे लग्न नाही. रिपोर्ट आला, एकदम नॉर्मल. सोनोग्राफीही चोख. डॉक्टर म्हणाला, तिशीतल्या पोराची असावी तशी गाठ आहे.

तो बसस्टँडवरून सरळ माझ्या दुकानात आला.

"देवसिंग, मायी बदनामी कोनं केली रे?"

"मले काय माहीत?"

"मायी धार तुटते म्हनून कोनं सांगतलं? अबे, मायी धार पाह्यची असन तं चाल, आत्ता दाखोतो!"

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. नलू मागूनच आली. "मी तं तवाच म्हनलं, काईतरी घोटाळा हाय," ती म्हणाली. "पत्रात लिवलं यायचा बाप खाटेवर मेला म्हनून. मामंजी तं अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सायकलनं वावरात जाऊन राह्यले!"

बबनरावनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आपल्या दुकानात निघून गेला. तेव्हापासून रोज दोनदा दुकानासमोरून जाते आणि मी किती वेळा मागे जातो ते पाहते. जाऊ दे.

तुझं काम मात्र मी करून टाकलं. शिफारस म्हटली की ती हैदराबादच्या सायबाच्या भरवशावर ठेवू नये, हे मला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. सरपंच विमलताईकडे गेलो. तिनं पाच मिनिटांत दिली. मजकूर मीच सांगितला, ती सही-शिक्का करून मोकळी. म्हणजे तुझे गाइडसर आणि आपली ग्रामपंचायत एकाच पद्धतीनं चालतात. 'सदर मुलगी होतकरू व निर्व्यसनी असून तिच्याविरुद्ध ग्रामपंचायतीकडे कोणतीही तक्रार नाही. तरी तिला डेन्मार्क येथे सामावून घेण्यात यावे. प्रत माहितीस्तव, तहसीलदार.' गोल शिक्का निळा उठला.

त्यासोबत तिसरं म्हणून मी स्वतः एक लिहिलं. काम जवळून ओळखणारा माणूस पाहिजे होता ना? मराठीत लिहिलं, मोबाईलनं इंग्रजी करून दिली, आणि विमलताईच्या पत्रासकट सगळं जाहिरातीवरच्या पत्त्यावर पाठवून दिलं. त्यात काय लिहिलं ते सांगत नाही. गोपनीय असते म्हणून तूच लिहिलं.

तुझा,
देवसिंगमामा

*

हैदराबाद
३१ डिसेंबर २०२४

मामा!

हे काय करून बसलात? तिथं शिफारस म्हणजे शास्त्रज्ञाचं पत्र. त्यांनी ग्रामपंचायतीचा दाखला मागितला नव्हता. तहसीलदारांना प्रत! पाच वर्षांची मेहनत आणि वर गोल शिक्का! तुमचं पत्र हातात घेऊन मी जिन्यात बसून राहिले. रडू येत होतं आणि 'निर्व्यसनी'वर हसूही येत होतं.

सरांची सही आज दुपारी आली. ते पत्रही पाठवलं. आता हॉल्स्टबाईंकडे पाच शिफारसी झाल्या, त्यातल्या एकीत मी होतकरू आहे.

यापुढे माझ्यासाठी काही करू नका, प्लीज. फोन करणार होते, पण स्पीकर आठवला.

उज्ज्वला

*

हैदराबाद
१९ जानेवारी २०२५

मामा,

सोबत दोन कागद आहेत. आधी ते वाचा, मग माझं.

(पहिला, हॉल्स्टबाईंच्या ईमेलचा मी केलेला अनुवाद.)

'प्रिय डॉ. राठोड, जागा सात वर्षांचा अनुभव असलेल्या उमेदवाराला दिली गेली आहे, हे कळवताना वाईट वाटते. शिफारसपत्र उमेदवाराला दाखवायचे नसते. तीस वर्षांत हा नियम मी पहिल्यांदा मोडते आहे. तुमच्या मामांचे पत्र जोडले आहे. अनुवादात शंका होती, म्हणून माझ्या एका मराठी विद्यार्थ्याकडून मूळ पत्र वाचून घेतले. कृपया त्यांना याच महिन्यात डॉक्टरकडे पाठवा.

प्रत्येक अर्जात लिहिलेले असते की मी माझे काम सामान्य माणसाला समजावू शकतो. पुरावा फक्त तुम्ही जोडला होता. पुढच्या हिवाळ्यात अनुदान मिळाले तर मला पुन्हा लिहा. सरपंचांचे पत्र आमच्या भिंतीवर लावले आहे. असा सुंदर शिक्का इथे कोणाकडे नाही.'

(दुसरा, तुमचाच.)

'हॉल्स्टबाईस, आर्णी, जिल्हा यवतमाळ येथून देवसिंग लखीराम आडे, पंप मेकॅनिक, याचा नमस्कार.

उज्ज्वला माझ्या बहिणीची मुलगी. तिचं काम जवळून ओळखणाऱ्यानं लिहावं, अशी तुमची अट आहे. माझ्याइतकं जवळून कोणी ओळखत नाही, कारण ते काम माझ्या आतच चालू आहे.

बारा वर्षांची होती तेव्हा एका मोटरीला पेचकस लावून ऐकलं आणि म्हणाली, मामा, बेअरिंग नाही, पंखा घासते. उघडून पाहिलं तर पंखाच होता. त्या दिवशी मी समजलो, पोरगी आतलं ऐकते.

दोन वर्षांपासून मला लघवीला त्रास आहे. धार बारीक, मध्येच तुटते. मागच्या महिन्यापासून कंबर दुखते. घरात सांगितलं नाही. उज्ज्वलाला मित्राचं नाव घेऊन विचारलं. तिनं लिहिलं, वडिलांना होतं का ते विचारा. माझा बाप लखीराम याला आधी लघवीचाच त्रास होता. मग कंबर धरली, मग खाट धरली. आम्ही भाऊ-बहीण वर्षभर त्याच्या कमरेला तेल चोळत होतो. उज्ज्वलाचं पत्र वाचलं तेव्हा कळलं, तेल चुकीच्या जागी लावत होतो.

पत्र वाचून मला भीती वाटली. सातवी शिकलेल्या माणसाला जिथं वाटायला पाहिजे नेमकी तिथं भीती वाटावी, असं लिहिणारी पोरगी तुम्हाला दुसरी मिळणार नाही. तिला घ्यावं. आणि हे तिला कळवू नये. पत्र गोपनीय असते म्हणूनच खरं लिहिलं.'

वाचलंत? आता माझं ऐका.

मी पाच वर्षं या एका गाठीत डोळे घातले. मोटर, धार, टाकी असं तुम्ही सगळं लिहिलंत. पंपाच्या भाषेत बबनकाका बोलतील का? ते बियाणं विकतात. त्यांचा बाप सायकल चालवतो हेही तुम्ही लिहून बसलात, आणि मी 'प्रत माहितीस्तव'वर रडत होते. ते खाटेवरचं दुखणं माझ्या आजोबांचं होतं. आई मला फक्त 'कंबर' म्हणायची. सात हजार किलोमीटर लांबच्या बाईला एका वाचनात जे ऐकू आलं ते मला आलं नाही. मला तुमचा राग आलाय आणि माझा त्याहून जास्त.

२७ तारखेला बंगळूरला माझी मुलाखत आहे, दुसऱ्या एका पोस्टडॉकची. शुक्रवारपर्यंत तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत तर मुलाखत सोडून मी आर्णीला येईन. आणि येण्याआधी फोन करीन. आईच्या फोनवर. स्पीकरवर. पहिला शब्द तोच असेल.

बबनकाकांना मी सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "मीच नेतो. लगन हाय म्हनूनच नेतो."

उज्ज्वला

*

आर्णी
२७ फेब्रुवारी २०२५

उज्ज्वला,

आपलं फोनवर 'झालं', 'बरं आहे', 'जेवण करतो' एवढंच होत राहिलं. आता सविस्तर लिहितो.

बबनरावनं मला बाजाराच्या दिवशी, सगळ्या चौकादेखत, हाताला धरून गाडीत बसवलं. वर ओरडला, "देवसिंगले पोरगी पाह्याले जाऊन राह्यलो!" यवतमाळला रक्त दिलं. चारच्या आत पाहिजे होतं ते नऊ निघालं. तिथून नागपूर. पोटावर जेली लावून यंत्र फिरवलं. मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, पेचकस लावून पाहा, लवकर कळते. ती हसली नाही. मोठ्या नळकांड्यात घालून फोटो काढला. त्या मशीनचा आवाज मात्र मी नीट ऐकला, एका बाजूचं काहीतरी ढिलं आहे, तसं मी सांगूनही आलो. मग सुया घालून बारा ठिकाणचे बारीक तुकडे काढले.

रिपोर्टची वाट पाहायचे आठ दिवस होते, त्याबद्दल लिहीत नाही. बबनराव रोज सकाळी दुकानात येऊन बसे. माझ्या डब्यातले नट-बोल्ट आकारानं वेगळे करे. 

निघालं, आहे. पण किती जोरात आहे त्याचे मार्क तीन अधिक तीन, सहा. मी म्हटलं, दहापैकी सहा, म्हणजे फर्स्ट क्लास. बाई म्हणाल्या, इथं जितके कमी तितके चांगले, आणि सहाच्या खाली आम्ही देतच नाही. आपल्या खानदानात कमी मार्कांचा आनंद झालेला मी पहिला. हाडांत काही नाही. कंबर धरली ती मोटरी उचलून उचलून. सध्या कापाकापी नाही, धारेसाठी गोळी, आणि दर काही महिन्यांनी रक्त देऊन लक्ष ठेवायचं. न तपासलेल्या मोटरीबद्दल मी जे लिहिलं होतं, ते वाक्य खोडून टाक.

आता खरी बातमी. निघताना बाईनं एक कागद पुढे केला. तपासून उरलेले तुकडे संशोधनासाठी ठेवून घेऊ का? मी विचारलं, कोण तपासणार? म्हणाली, जगात कुठलाही संशोधक मागवू शकतो. नाव नसते, नंबर असते. मी सही केली.

तेव्हा, उज्ज्वला, प्रोस्टेटच्या संशोधनात आपल्या घरातला पहिला माणूस रुजू झाला. मुलाखत नाही, अनुभवाची अट नाही, वय साठीला टेकलं तरी चालते, मुदत कायमची. शिफारसही लागली नाही, नाहीतर विमलताई होतीच. तुझ्या बंगळूरचं अजून ठरत नाही म्हणतेस. ठरू दे सावकाश. तुझ्याआधी मी लागलो याचा राग मानू नको. पुढेमागे तुझ्या काचेखाली एखादा निनावी तुकडा आला, तर जरा कान लावून ऐक.

राहिली तुझी आई. तिला मीच फोन केला, आणि स्पीकर चालू आहे हे विचारून घेतलं. म्हटलं, सुखी, पोटाचं नाही, प्रोस्टेटचं आहे. बापालाही तेच होतं. पलीकडे खुर्च्या करकरल्या, मी मोजल्या नाहीत. मग सुखी म्हणाली, "मंग पोरीले काहून नाई विचारलं रे, भाऊ? घरात हाय ना ते बाई." आणि रडली.

त्यानंतर दुकानात गर्दी वाढली आहे. मोटर कोणी आणत नाही. येतात, इकडेतिकडे पाहतात, स्टूल जवळ ओढतात. आतापर्यंत सात जण आले, आणि सगळेच मित्रासाठी विचारतात. मी प्रत्येकाला यवतमाळचा पत्ता लिहून देतो आणि सांगतो, मित्राला घेऊन जा, आणि गेलाच आहेस तर त्याच्याआधी तू रक्त दे.

काल दिग्रसचा ग्रामसेवक आला. एसटीनं, दोनदा उतरून. म्हणाला, "देवसिंगभाऊ, माया एक दोस्त हाय, त्याले जरा..."

मी स्टूल पुढे केलं. "बसा जी. दोस्त लाजाळू हाय का?"

तुझा,
देवसिंगमामा